विकण्याचं कारण

गाडी विकायची जाहिरात मीच टाइप केली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, मोबाइलवर, चष्मा पुन्हा पुन्हा नाकावर सरकवत. हे समोर बसून सांगत होते आणि मी लिहीत होते. आमच्या घरात अर्जविनंत्यांचं काम नेहमी असंच चालतं, कारण मी एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले होते आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. "फॅमिली वापरातली फोर-व्हील ड्राइव्ह. पहिला मालक. नीट सांभाळलेली. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी." इथवर ठीक होतं. मग म्हणाले, "लिही, फोर-व्हील दर महिन्याला फिरवलेली."

"अहो, हे कुणाला कळणार नाही."

"ज्याला कळेल त्यालाच विकायचीय."

लिहिलं. पुढे ॲपने विचारलं, विकण्याचं कारण? मी थांबले आणि त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. "वापर कमी," ते म्हणाले. मी तेही लिहिलं. खोटं लिहिताना मला काहीसुद्धा वाटलं नाही, इतकी त्या दिवसांत मी दमले होते.

आम्ही भाईंदर पश्चिमेला राहतो. परळच्या एका खोलीतून इथे आलो तेव्हा मुलगा बालवाडीत होता. आता तो पुण्याला असतो आणि फोनवरून सल्ले देतो. हे एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात फोरमन होते. फोरमन माणसाशी संसार करणं म्हणजे काय, ते ज्या बायकांनी केलंय त्यांनाच कळेल. आमच्या घरात पंखा कधी करकरला नाही, नळ कधी ठिबकला नाही आणि मिक्सरचं भांडं मी जरा जोरात आपटलं तर स्वयंपाकघराच्या दारात हे उभे.

आता भाईंदरमध्ये फोर-व्हील ड्राइव्ह कशाला, असं सगळ्यांनीच विचारलं. त्याचं कारण एक जुना पाऊस. आमच्याकडे तेव्हा छोटी गाडी होती. मुलगा तापाने फणफणलेला, त्याला डॉक्टरकडे नेताना काशीमिऱ्याच्या अलीकडे पाणी भरलं आणि गाडी बंद पडली. हे कमरेएवढ्या पाण्यात गाडी ढकलत होते, मी मुलाला छातीशी धरून आत बसले होते आणि दाराच्या फटीतून पाणी माझ्या पायांवर येत होतं. मुलाला काही झालं नाही. पण ह्यांनी मनाशी काय ठरवायचं ते ठरवलं. पुढे काही वर्षांनी ही थोराड गाडी दारात आली. गंमत अशी की त्यानंतर पाणी भरायची नुसती बातमी आली तरी आम्ही घराबाहेर पडायचं बंद केलं, त्यामुळे तिला पाण्यात उतरायची वेळ एकदाही आली नाही.

पण तयारी हवी. ह्या गाडीत गिअरच्या शेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. तो ओढला की पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळतो आणि गाडी चिखलातून, रेतीतून निघते. तो दांडा महिन्यातून एकदा तरी वापरायचा, नाहीतर आतलं सगळं जाम होतं, हे ह्यांचं शास्त्र. आणि तो डांबरी रस्त्यावर वापरायचा नाही, तिथे गिअर आवळून बसतात. तेव्हा भुसभुशीत जमीन पाहिजे. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही मुर्धा, राई, मोरवा करत उत्तनला किनाऱ्यावर जायचो. ओल्या रेतीत उतरायचं, दांडा ओढायचा, शे-दोनशे पावलं पुढे, तेवढीच मागे. झालं. मग ऑम्लेट-पाव, मग कोळणींकडून बोंबील. खारी रेती पत्र्याला लागते म्हणून घरून गोड्या पाण्याचे चार कॅन न्यायचे आणि परतीच्या आधी गाडीचं पोट धुवायचं. ते कॅन आदल्या दिवशी कोणी भरायचे, हे सांगायला नको. मी चिडायची. लोक बायकोला माथेरानला नेतात आणि तुम्ही दांडा हलवायला नेता, असं म्हणायची. तरी जायची. आमचं दोघांचं बाहेर जाणं म्हणून काय ते तेवढंच होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

गाडीत मी फार बोलते अशी माझी ख्याती आहे. "डावीकडून रिक्षा येतेय." "बाई रस्ता ओलांडतेय, थांबा." "ब्रेक!" मुलगा म्हणायचा, बाबा नुसतं स्टिअरिंग धरतात, गाडी आई तोंडाने चालवते. पूर्वी हे वैतागायचे. मागच्या वर्षी कधीतरी वैतागायचे थांबले. मला वाटलं, वयाने शहाणे झाले. उलट मी गप्प बसले की म्हणायचे, "काय गं, बरं नाही का?" मला तर बरं वाटायचं. साठीच्या बाईला नवऱ्याने गप्पा मारायला सांगणं, ही काय रोजची गोष्ट आहे?

मग माझी दाढ काढली. भाईंदर पूर्वेला डेंटिस्टकडे गेलो होतो. दाढेच्या जागी कापसाचा बोळा, अर्धं तोंड बधिर, तासभर बोलायचं नाही असं सांगितलेलं. केबिन रोडवर नेहमीची गर्दी. डावीकडून पेरूची हातगाडी हळूहळू रस्त्यात येत होती. मला ती कधीची दिसत होती, आणि ह्यांनाही दिसतच असणार असं मी धरून चालले होते. ह्यांनी वेग कमी केला नाही. मी बोळ्यातून काहीतरी ओरडले तोवर बंपर हातगाडीच्या चाकाला लागला. हातगाडी कलंडली, पेरू रस्ताभर, पेरूवाला मटकन खाली बसला. त्याच्या मागे एक बाई लहान मुलीचा हात धरून उभी होती. त्या मुलीत आणि आमच्या गाडीत एक हात अंतर असेल. लोक जमले. काचेवर थापा पडायला लागल्या. "अंकल, दिखता नहीं क्या?" एकजण ओरडला.

हे माझ्याकडे वळले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "तू बोलली का नाहीस?"

पेरूवाल्याला लागलं नव्हतं. त्याचं नुकसान भरून दिलं, हात जोडले, सुटलो. पण ते वाक्य काही सुटलं नाही. घरी येऊन बोळा काढला, गुळण्या केल्या आणि मग बेसिनशी उभ्या उभ्या माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की वर्षभर हा माणूस माझ्या बोलण्यावर गाडी चालवत होता.  मी सहज बोलत होते हो! कधी बोलायची, कधी पेंगायची, कधी मोबाइल बघायची.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत. समोरचं दिसतं, बाजूचं गेलंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधाच्या थेंबांनी सांभाळायचं. ह्यांनी विचारलं, "गाडी चालवायची नाही म्हणजे हायवेला नाही ना?" डॉक्टर म्हणाले, "कुठेच नाही." मला डॉक्टरांसमोरच संताप आला. गाडीचं ऑइल कधी एक दिवस चुकवलं नाही, टायरची हवा दर आठवड्याला, आणि स्वतःचे डोळे ह्या माणसाने दहा वर्षांत कोणाला दाखवले नव्हते. चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर वाढवून यायचे आणि त्यावर खूश.

त्यानंतरचे तीन महिने मी कसे काढले, माझं मला माहीत. गाडीची चावी माझ्या पर्समध्ये. रोज सकाळी हे म्हणायचे, "बॅटरी उतरेल, दहा मिनिटं चालू करून ठेवतो." मी चावी घेऊन त्यांच्याबरोबर पार्किंगमध्ये जायची आणि दहा मिनिटं खांबाला टेकून उभी राहायची. घरात डाळ शिजत टाकलेली, वर थेंबांची वेळ झालेली. हे आत बसून स्टिअरिंगवरून फडकं फिरवायचे. सोसायटीतले लोक येता-जाता विचारायचे, "क्या अंकल, कहीं जा रहे हो?" आणि हे म्हणायचे, "हां, बस निकल रहे हैं."

एका सकाळी ते खरंच निघाले. मला गिअरचा आवाज आला, गाडी दोन हात पुढे आली. मी धावत जाऊन बॉनेटसमोर उभी राहिले. त्यांनी करकचून ब्रेक मारला. बरोबर समोर होते म्हणून त्यांना मी दिसले. बाजूला उभी असते तर दिसले नसते. आम्ही दोघं काचेतून एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यांनी इंजिन बंद केलं, उतरले आणि चावी माझ्या हातावर ठेवून जिना चढायला लागले. त्या दिवशी आम्ही जेवलो, थेंब घातले आणि नेहमीसारख्या दूरदर्शनवर बातम्या पाहिल्या.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, बाबांना दवाखान्यात ने, मी येतो आणि तेवढ्यात गाडी कोणालातरी देऊन टाकतो." पण गाडी त्यांच्या नावावर, सही त्यांची. आणि समजा सही कशीतरी मिळवली असती, तरी पुढे त्या माणसाबरोबर मलाच राहायचं होतं. माझ्या नवऱ्याच्या हातून गाडी सुटायला हवी होती, आणि ती त्यांनी स्वतः सोडायला हवी होती. नाहीतर ते कुठूनतरी चावी मिळवणार, आणि पुढची हातगाडी नसेल, पोर असेल. मला दुसरं काही सुचत नव्हतं. "विकून टाकू या का?" एवढंच मी एकदा म्हटलं. चार दिवसांनी ते म्हणाले, "जाहिरात लिही."

मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय!

पहिला आला तो वीस-बावीस वर्षांचा, बरोबर दोन मित्र. "अंकल, बडे टायर डालूंगा, ऊपर लाइट का बार, एकदम रापचिक." ह्यांनी त्याला शांतपणे विचारलं, "फोर-व्हील कहां चलाओगे?" तो म्हणाला, "रील में." ह्यांनी त्याला पाणी पाजून वाटेला लावलं. मग शेजारच्या इमारतीतलं एक गुजराती कुटुंब आलं, आजी-आजोबांसकट. चांगली माणसं होती. गाडी त्यांना पसंतही पडली होती. पण ह्यांनी स्वतःहून सुरू केलं: तिसरा गिअर घालताना क्षणभर थांबावं लागतं, थंडीत पहिल्या सेल्फला उठत नाही, मागच्या दाराचा रबर सुकत चाललाय. ऐकता ऐकता त्या घरच्या सुनेने सासूकडे असं बघितलं की मी समजले. शेवटी तोच प्रश्न, "फोर-व्हील कहां चलाओगे?" ते म्हणाले, "अरे अंकल, हमको तो बस मंदिर जाना होता है." झालं. नापास.

सहा-सात जण असे नापास झाले. फोन घ्यायचे मी, चहा करायचा मी, त्यांना खाली न्यायचं मी, आणि माणसं गेल्यावर हे म्हणायचे, "त्याला गाडीतलं काही कळत नव्हतं." एकदा मी भडकलेच. म्हटलं, "तुम्हाला विकायची नाहीये, तर तसं सांगा. माझे पाय दुखतात आता."  मी रागाने दूध उतू घालवलं आणि तेही मीच पुसलं.

मग पालीहून फोन आला. पाली म्हणजे उत्तनच्या अलीकडचं समुद्रकाठचं गाव. आवाज पस्तिशीतल्या माणसाचा. "आंटी, जाहिरातीत लिवलंय ना, फोर-व्हील दर महिन्याला फिरवलेली, ती रेतीत फिरवलेली का?" मी फोन स्पीकरवर टाकला. ह्यांनी मान वर केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्कूटरवरून आला. मच्छीमार घरातला, भाऊ होडीवर, हा किनाऱ्यावरचं सगळं बघणारा. चहा नको म्हणाला आणि थेट गाडीच्या खाली वाकला. बराच वेळ पाठीवर झोपून मोबाइलच्या उजेडात बघत होता. उठला तेव्हा शर्टाला धूळ. "अंकल, दर्यावर जाऊन पण गंज न्हाय. गोड्या पाण्यानं धुता काय?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या चार कॅनची दखल घेणारा पहिला माणूस मला भेटत होता.

"फोर-व्हील कुठे चालवणार?" ह्यांनी विचारलंच.

"रेतीत. आमची छोटी होडी हाय, ती वर ओढाया ट्रॅक्टर मागवतो भाड्यानं, तो येळेवर येत न्हाय. आणि रविवारी मम्मीला, पोरांना घेऊन चर्चला. गाडी आमच्या गल्लीत शिरणार न्हाय, पण खाली बंदराजवळ लावाया जागा हाय."

हे त्याला "तुम्ही" म्हणत होते, ते तिथून "तू" म्हणायला लागले. "चल, तुझ्या रेतीतच दाखवतो," म्हणाले. मी चावी मुठीत घट्ट धरली. पण ते स्वतःच चालत शेजारच्या सीटवर जाऊन बसले. तो चालवायला बसला आणि मी मागे. त्या गाडीत मागच्या सीटवर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले.

मोरव्याच्या पुढे गेल्यावर हे त्याला एकेक सांगत होते. तोही ऐकून घेत होता, मध्येच "हां अंकल" म्हणत होता. मी मात्र सवयीने दोन सीटच्या मधून मान पुढे काढून बसले होते. बस आली की हात आवळायची, स्कूटर आली की ब्रेक दाबल्यासारखा पाय दाबायची. किनाऱ्यावर पोचेपर्यंत मान आखडली.

ओहोटी होती. वाळत घातलेली जाळी, वर ओढून ठेवलेल्या होड्या, लांबवर क्रिकेट खेळणारी पोरं, आणि समोर लांबच लांब ओली रेती. त्याने गाडी थांबवली, खाली उतरला, फिरून ह्यांच्या बाजूला आला आणि दार उघडून अदबीने म्हणाला, "अंकल, पयली तुम्हीच चालवून दाखवा. तुमचा हात हाय गाडीला. मी बघून शिकतो."

हे उतरले. गाडीला वळसा घालून, पत्र्यावरून हात फिरवत, ड्रायव्हरच्या दाराशी आले. दार उघडंच होतं. एक हात दारावर, एक हात स्टिअरिंगवर.

खरं सांगते, मी काही बोलले नाही. पार्किंगमध्ये उभी राहिले होते तसं पुढे जाऊन उभं राहायला हवं होतं, हे मला कळत होतं. पोरं लांब होती, पण पोरं होती. तरी माझ्याच्याने उठवलं नाही. एवढे महिने मी ह्यांना धरून ठेवलं होतं, आणि आता अंगात जोरच उरला नव्हता. मनात आलं, बसू दे. एकदाच बसू दे. आणि त्याच वेळी मनात आलं, ह्यांनी आता स्टिअरिंग धरलं तर मी ह्या माणसाला कधी माफ करणार नाही.

 मग त्यांनी दारावरचा हात काढला.

"मला दिसत नाही," ते म्हणाले.

डॉक्टरांना त्यांनी "जरा धूसर" सांगितलं होतं. मुलाला "नंबर वाढलाय". मला तर काहीच नाही. पालीच्या एका परक्या माणसाला सांगितलं.

"दोन्ही बाजूंचं गेलंय. म्हणून विकतोय. वापर कमी वगैरे काही नाही. तू बस, मी सांगतो तसं कर."

तो माणूस गडबडला नाही की कीव करत बसला नाही. "बरं, अंकल," म्हणाला. ह्यांचा दंड धरून त्यांना फिरवून पुन्हा शेजारच्या सीटवर बसवलं, दार लावलं आणि स्टिअरिंगवर येऊन बसला.

"क्लच दाब. आता छोटा दांडा मागे. दिवा लागला?"

"लागला."

"पहिला टाक. रेस देऊ नको, तिची ती जाते. ऐक, मागचं चाक नुसतं फिरलं, आलं ऐकू? आता धरली बघ रेती. आता जाऊ दे."

गाडी रेतीतून निघाली. क्रिकेटच्या पोरांतलं एक पोर चेंडूमागे पळत आमच्या बाजूला यायला लागलं. मी तोंड उघडलं, पण तोवर त्याने हॉर्न दिला होता, गाडी वळवली होती, आणि त्या पोराला कोळी भाषेत एक शिवीही घालून झाली होती. त्याला दिसलं होतं. माझ्याआधी दिसलं होतं. मी मान मागे घेतली आणि सीटला टेकवली. मला रडू आलं, पण तेही फार वेळ नाही. गाडी मऊ हलत होती, पुढून ह्यांचा आवाज येत होता, आणि काही येतंय का हे मी बघायची कोणालाच गरज नव्हती.

"अगं, बघतेयस ना?" ह्यांनी मान न वळवता विचारलं. "कशी जातेय बघ!"

मी हो म्हटलं. मी बघतच नव्हते.